तुटलेल्या बोल्टचं तोंड

"हात मागे!"

मुजुमदार सर एवढ्या जोरात ओरडले की मी दचकून मागे सरले आणि गवतात बसलेच.

खरं तर मी त्या बोल्टला हात लावणार नव्हते. जवळून दिसावा म्हणून वाकले होते, एवढंच. पण सरांच्या देखत तुटलेल्या लोखंडाकडे कुणाचं बोट गेलं तरी ते खेकसायचे, आणि मी त्यांची विद्यार्थिनी म्हणून माझ्यावर जरा जास्तच.

"तुटलेल्या तोंडाला..." त्यांनी सुरुवात केली.

"हात लावायचा नाही, पुसायचं नाही, धुवायचं नाही, दुसऱ्या तुकड्याला जुळवून बघायचं नाही," मी पाढे म्हटल्यासारखं म्हटलं. "सर, मी तिशी ओलांडली. स्वतः प्रयोगशाळा चालवते."

"म्हणूनच सांगतो. नव्या पोरांना भीती असते. तुझ्यासारखीला वाटतं, आपल्याला सगळं येतं."

रागावले असले तरी मनातून खूश होते. मीही होते. साताऱ्याकडच्या त्या पठारावर पवनचक्कीचा अख्खा टॉवर मधोमध मोडून पडला होता, एक माणूस गेला होता, पोलिसांनी तपासासाठी सरांना नेमलं होतं, आणि प्रयोगशाळेचं काम कुणाला द्यायचं असं विचारल्यावर सरांनी माझं नाव सांगितलं होतं. पुण्यात माझ्यापेक्षा मोठ्या प्रयोगशाळा होत्या. माझ्या नेमणुकीचं पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं होतं.

बोल्ट जिथे तुटतो त्या जागेला आमच्या धंद्यात तोंड म्हणतात. एका झटक्यात तुटला तर तोंड करडं, खरखरीत असतं. आतल्या आत चीर वाढत जाऊन तुटला तर तोंडावर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, आणि ती वलयं जिथून सुरू होतात तिथे खरं दुखणं असतं. बोटाचा घाम लागला तरी ते पुसट होतं. हे सगळं मला सरांनी शिकवलं. लोखंड वाचायला शिकवलं म्हटलं तरी चालेल.

टॉवर पठारावर आडवा पडला होता. तो पडला तो पायथ्याच्या कंट्रोल रूमवर, आणि आत होता यशवंत नावाचा तंत्रज्ञ. टॉवरचे दोन भाग जिथे बोल्टांनी जोडलेले असतात नेमका तो जोड सुटला होता. त्या जोडाचे बोल्ट शेवटचे आवळले होते संपत झोरेनं. संपत हा यशवंताचा जोडीदार, आणि मेहुणाही. यशवंताची बहीण शेवंता ही संपतची बायको.

संपत आमच्यापासून चार हात लांब उभा होता. तुकडे दाखवायला कंपनीनं त्यालाच पाठवलं होतं. ही क्रूर गोष्ट आहे हे कंपनीत कुणाच्या डोक्यातच आलं नसावं.

आम्ही दिवसभर तुकडे वेचले. प्रत्येक तोंडाला हलकं तेल लावायचं आणि जुन्या सुती कापडात गुंडाळायचं. कापड निर्मलाकाकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोच्या जुन्या साड्यांचं. काकू ते धुऊन, चौकोनी कापून, घड्या घालून देत. माझ्या प्रयोगशाळेतही तेच कापड असायचं.

"म्याडम, ह्ये गुंडाळाय कशाला लागतं?" संपतनं विचारलं. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला.

"उघडं तोंड दवानं गंजतं. मग काही कळत नाही. तेल, ग्रीस, काहीतरी लावून झाकायचं."

त्यानं मान डोलावली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "म्याडम, नोकरी गेली तर जाऊ दे. जेलात घातलं तरी घालू द्या. पर एक सांगशीला का? पाना फिरवताना माझा हात चुकला का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला आठवतंय, समदे आवळलेत. पर आता रोज आठवून आठवून माझं मलाच खरं वाटंना. शेवंता माह्यारी गेली. म्हनती, तू माझ्या भावाला मारलंस. मारलं असंल तर मारलं. पर मला कळाय तर पायजे."

मी त्याला म्हटलं, "कळेल." तपास करणाऱ्यानं असं आश्वासन कधी द्यायचं नसतं. पण मी दिलं, आणि मला त्याचा पस्तावा नाही.

दुपार कलताना मला ते तीन बोल्ट सापडले. बाकी सगळे झटक्यात तुटलेले, टॉवर कोसळताना. या तिघांवर मात्र वलयं होती. मी भिंग लावलं. वलयं जिथून निघाली होती तिथे, अगदी कडेला, नखाएवढी काळी कोर होती, आणि त्या काळ्यात चांदीसारखं काहीतरी चकाकत होतं.

मी सरांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "सर, जस्त आहे. भेगेच्या आत."

"खात्री आहे?"

"भेगेत जस्त गेलं म्हणजे जस्ताचा मुलामा द्यायच्या आधीच भेग होती. कारखान्यातच. संपतच्या हातात आला तेव्हाच बोल्ट चिरलेला होता. सर, तो सुटला!"

सरांनी तिन्ही बोल्ट भिंगातून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. साइट मॅनेजर कान देऊन उभा आहे. आधी प्रयोगशाळेत नीट बघ, मग बोलू." आणि गळ्यातल्या कॅमेऱ्यानं त्यांनी त्या तीन तोंडांचे जवळून फोटो काढले. मोबाईलमध्ये कॅमेरे नव्हते तेव्हाची गोष्ट. जवळचं भिंग लावलेला तो एकच कॅमेरा आमच्याकडे होता.

निघताना संपत म्हणाला, "सायेब, ह्यो एक ऱ्हायला की." पडलेल्या भागाच्या खालच्या लोखंडी कड्यात एक तुटका बोल्ट भोकात आत अडकून बसला होता. तोंडावर चिखल होता.

"तो कापून काढावा लागेल. खराबही झालाय. राहू दे, आपल्याकडे भरपूर आहेत," सर म्हणाले.

शनिवार होता. प्रयोगशाळा बंद, म्हणून पेटी सरांच्या गाडीत ठेवली. मीच ठेवली, दोन्ही हातांनी, बाळ झोपवावं तशी.

सोमवारी पेटी माझ्या टेबलावर आली. मी चहासुद्धा न घेता ते तीन बोल्ट काढले. कापड सोडलं आणि मला वाटलं, आपण चुकीचे उचलले.

तोंडं लखलखीत होती. कुणीतरी तारेच्या ब्रशनं घासून अॅसिडनं धुतली होती. वलयं गेली होती, काळी कोर गेली होती, जस्ताचा कणही उरला नव्हता. घासलेल्या भांड्यासारखी स्वच्छ तीन तोंडं, आणि त्यांना काही म्हणजे काही सांगता येत नव्हतं.

मी सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"काय सांगतेस?" सर म्हणाले. "आणि फोटोही गेले गं. रोल धुवायला टाकला होता, काळा आला. कॅमेऱ्याचं मागचं झाकण सैल झालंय, उजेड गेला असणार."

"मग आता?"

"आता काय! 'निश्चित कारण सांगता येत नाही' असं लिहायचं. मी मसुदा करतो, तू ये सही करायला. दोघांच्या सह्या लागतात."

"सर, असं लिहिलं तर संपतवरचा आळ तसाच राहतो."

"आपण जे दिसत नाही ते लिहायचं का, वैजयंती?"

हेही त्यांनीच शिकवलं होतं. पण माझा राग जाईना. मी मनात सगळा राग साइट मॅनेजर रेवणकरवर काढला. आम्ही चहाला गेलो तेव्हा पेटीजवळ तोच होता. दुसऱ्या दिवशी मी सरांना न सांगता एसटीनं पठार गाठलं आणि त्याच्या ऑफिसात शिरून त्याला नाही नाही ते बोलले. पुरावा नष्ट केला, माणूस मेलाय त्याची लाज वाटत नाही का, वगैरे. मी चिडले की माझ्या तोंडाला आवर राहत नाही, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

रेवणकर गोल चेहऱ्याचा, सदा घामाघूम माणूस होता. त्यानं मला बोलू दिलं. मग पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"मॅडम, सगळे तुकडे खराब केलेत का?"

"नाही. तीनच. जे महत्त्वाचे होते ते."

"पेटीत शंभरावर तुकडे होते. सगळे एकाच कापडात बांधलेले. त्यातले तुमचे तीन कुठले, हे मला कळलं असतं तर मी इथं वाऱ्यात कशाला बसलो असतो? मी कॉमर्सचा पदवीधर आहे हो."

मी ग्लास उचलला होता तो तसाच खाली ठेवला.

ते तीन बोल्ट कुठले हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातली एक मी होते.

मला तेव्हा राग आला नाही. आधी भीती वाटली. अंधारात पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. मग मी स्वतःलाच समजावायला लागले. सरांकडे कुणी आलं असेल. गाडी उघडी राहिली असेल. सर असं करणं शक्य नाही. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाला बोट लावू दिलं नाही तो स्वतः ब्रश घेऊन बसेल?

बाहेर संपत उभा होता. मला बघून पुढे आला. मी त्याला सगळं खरं सांगितलं, फक्त सरांचं नाव सोडून. पुरावा गेला, आता कारण कळणार नाही, मी शब्द पाळू शकत नाही.

तो रडला नाही, चिडलाही नाही. "मंजी कधीच कळनार न्हाई?" एवढंच म्हणाला.

"नाही."

"आनि त्यो अडकल्याला?"

"त्याचं काय? तो खराब झाला. एव्हाना गंजलाही असेल."

"गंजंल कसा? तुमीच म्हनला न्हवं, उघडं तोंड दवात ठेवू ने. चिखल वरवर हुता, पान्यानं नुसता सोडला. बोट लावलं न्हाई. वर ग्रीस भरलंय आनि पिशवी बांधलीय."

आम्ही अक्षरशः पळत गेलो. खालच्या कड्याच्या त्या भोकावर पावाची रिकामी पिशवी सुतळीनं आवळून बांधली होती.

मी रेवणकरला बोलावलं, गावच्या पोलीस पाटलांना बोलावलं, आणि त्यांच्यासमोर कडं कापून तो तुकडा काढला. रॉकेलचे थेंब सोडत ग्रीस उतरवलं. भिंग डोळ्याला लावायला मला धीर होईना. शेवटी लावलं. वलयं होती. कडेला काळी कोर होती. आणि काळ्या कोरीत चांदी.

"संपत," मी म्हटलं, "तुमचा हात चुकला नव्हता. बोल्ट चिरलेलाच आला होता."

तो मटकन खाली बसला. दोन्ही तळहात समोर धरून त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग हुंदके देऊन रडला. रेवणकर दुसरीकडे तोंड फिरवून उभा राहिला. मलाही रडू आलं, पण माझं रडणं वेगळ्या कारणासाठी होतं आणि ते त्या दोघांना सांगता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी मी थेट सरांच्या घरी गेले. तुकडा माझ्या पर्समध्ये होता, त्याच पावाच्या पिशवीत.

"अगं, किती धुळीनं माखलीस! आधी हातपाय धू," काकू म्हणाल्या.

मी मोरीत गेले. त्या घरात मी शेकडो वेळा हातपाय धुतले असतील. शहाबादी फरशी, निळसर काळी, काकूंनी घासून घासून गुळगुळीत केलेली. आज तिच्यावर पांढरे, खरबरीत चट्टे होते. अॅसिड सांडलं की शहाबादी फरशी अशीच होते.

"बघितलंस ना माझ्या फरशीचं काय केलंय?" काकू मागून म्हणाल्या. "रविवारी दार लावून काय धुवत बसले होते कोण जाणे. विचारलं तर खेकसले. असे कधी बोलत नाहीत गं माझ्याशी."

मी नळ सोडून उभी राहिले. पाणी वाहत होतं आणि मी हात धुवायचे विसरले होते. तोवर कुठेतरी मनात होतं की सरांकडे काहीतरी उत्तर असेल. त्या चट्ट्यांनी तेही संपवलं.

सर बाहेरच्या खोलीत बसले होते. टेबलावर टाइप केलेला अहवाल आणि वर पेन.

"ये. वाच आणि सही कर. मग जेवूनच जा, काकूनं थालीपीठ लावलंय."

"सर, ते बोल्ट कुठल्या कारखान्यातले?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "आहे एक. का?"

"तुमचा काय संबंध त्यांच्याशी?"

आतून तव्याचा चर्र आवाज आला. मग ते हळू म्हणाले, "भट्टीची पद्धत मी बसवून दिली होती. निवृत्त झाल्यावर. पहिल्या मालाला मीच पास केलं. पठारावर शनिवारी ती कोर बघितली आणि मला कळलं, तापवलेले बोल्ट पाण्यात बुडवताना चिरतायत. माझ्याच पद्धतीनं."

"आधी माहीत नव्हतं?"

"शंका होती."

"म्हणजे तपास घेतानाच शंका होती."

त्यांनी अहवालावरचं पेन सरळ केलं.

"सर, एक माणूस मेला!"

"तो परत येणार आहे का, वैजयंती? मी तुझ्या त्या संपतविरुद्ध एक अक्षर लिहिलेलं नाही. कारण सांगता येत नाही, इतकंच लिहिलंय. सगळे सुटतात. माझी चाळीस वर्षांची... एका कोरीपायी?"

"त्या माणसाला रात्र रात्र झोप येत नाही. त्याला वाटतंय त्यानंच मारलं. बायको सोडून गेली. कोण सुटतं, सर? आणि बाकीच्या टॉवरांत हेच बोल्ट आहेत. त्यांच्या पायथ्याशी आत्ता, या क्षणी माणसं काम करतायत."

"मी हळूहळू बदलायला लावेन. ओळखी आहेत माझ्या."

मला तो चेहरा बघवेना. रागानं माझे कान तापले होते, आणि तरी सर म्हातारे दिसत होते. एकच गोष्ट विचारायची राहिली होती. ती विचारू नये असंही वाटत होतं.

"मग माझं नाव का सुचवलंत? दुसऱ्या कुणालाही घेता आलं असतं."

"दुसऱ्या कुणी प्रश्न विचारले असते," सर म्हणाले. अगदी सहज, मला काहीतरी समजावून सांगतायत अशा सुरात. "तू मला कधी उलट विचारत नाहीस. मला वाटलं, तुला कळलं तरी तू माझ्यासाठी गप्प बसशील."

बोल्टचं मी एक वेळ समजू शकले असते. घाबरलेला माणूस काहीही करतो. पण ते पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं होतं. बारा वर्षं मी या माणसाला मान दिला, आणि त्यानं तो मान वाकून बघितला, तपासला, आणि आपल्या कामाला येईल म्हणून बाजूला काढून ठेवला होता.

मी पर्स उघडली. पावाची पिशवी काढून टेबलावर, त्या अहवालावर ठेवली आणि सुतळी सोडली.

सरांनी बघितलं. क्षणभर त्यांना कळलं नाही. मग कळलं. "तो अडकलेला?" ते पुटपुटले, आणि सवयीनं त्यांचा एक हात खिशातल्या भिंगाकडे गेला आणि दुसरा बोल्टकडे.

"हात मागे, सर," मी म्हटलं. "तुटलेल्या तोंडाला हात लावायचा नाही."

त्यांनी हात मागे घेतला.

मी तुकडा बांधला, पर्समध्ये ठेवला आणि उठले. काकू थालीपिठाची ताटली घेऊन दारात आल्या. "अगं, निघालीस? थांब, तुझ्यासाठी कापडं काढून ठेवलीत," असं म्हणून त्यांनी घडी घातलेल्या सुती तुकड्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. त्यांना नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी तो घेतला.

अहवाल मी एकटीनं लिहिला आणि एकट्या माझ्या सहीनं पोलिसांना दिला. पठारावरच्या सगळ्या चक्क्या थांबवून बोल्ट बदलले गेले. संपतवरची केस निघाली. महिन्याभरानं त्याचा एसटीडीवरून फोन आला. त्यानं शेवंताच्या हातात फोन दिला. ती काहीच बोलली नाही, पण ती तिथे होती.

सरांशी मी त्यानंतर बोलले नाही. ते गेले तेव्हा काकूंना भेटून आले. मोरीत गेले नाही.

आता माझ्याकडे नवी मुलं शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना तो नियम सांगते, त्याच शब्दांत, कारण त्याहून चांगले शब्द मला सापडलेले नाहीत. कुणी विचारतं, मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्यांचं नाव घ्यायला माझी जीभ वळत नाही, आणि दुसऱ्या कुणाचं घेतलं तर खोटं होईल. म्हणून मी म्हणते, "कामाला लागा."